दुधाच्या दातांतील जंतुसंसर्ग

दुधाच्या दातांतील जंतुसंसर्ग : बालकाच्या पहिल्या (पतनशील) दातांचे कठीण आवरण किडीने वा आघाताने भंगल्यावर सूक्ष्मजंतूंचा आतील मृदू ऊतकांत आणि तेथून दंतमूलांभोवतीच्या हाडात प्रवेश होतो. त्यामुळे उद्‌भवणाऱ्या शोथ (दाहयुक्त सूज), विद्रधी (पू साठून झालेले गळू), नाडीव्रण (पू वाहण्याचा अरुंद मार्ग) इ. विकारांचा समावेश या संज्ञेत होतो. दुधाचे दात पुढेमागे पडावयाचेच असतात, या समजुतीमुळे या विकारांकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः दुधाची दुसरी दाढ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उगवते व दहाव्या ते बाराव्या वर्षी पडते. म्हणजे ती आठ ते दहा वर्षे चर्वणाचे काम करते. तिच्या मुळांमध्येच पुढे येणाऱ्या कायम दाताचा अंकुर वाढत असतो. म्हणून दुधाच्या दातातील संसर्ग हा केवळ त्या दातापुरता प्रश्न राहत नाही.

संज्ञा व पूर्वपीठिका : दात ‘किडणे’ आणि दाताला ‘कीड लागणे’ हे मराठीतील शब्दप्रयोग दातात प्रत्यक्ष किडा असतो या प्राचीन कल्पनेचे अवशेष होत. सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये ‘कृमिदंतक’ या रोगाचा निर्देश आहे. बॅबिलोनिया, चीन व यूरोप येथेही दंतकृमीची कल्पना दीर्घकाळ रूढ होती. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातील किडे पाडण्याचा उपचार याच कल्पनेवर आधारलेला आहे. धुरीनंतर पडलेले म्हणून जे दाखविले जातात, ते दातातील जीव नसतात. प्येअर फोशार या फ्रेंच दंतवैद्यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दंतकृमीची कल्पना नाकारली. डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० मध्ये तोंडातील सूक्ष्मजंतू पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांपासून अम्ल तयार करतात आणि त्या अम्लाने दाताची झीज होते, असा सिद्धांत मांडला. जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटॅन्स हा सूक्ष्मजंतू वेगळा केला. या विकारात त्याचा प्रमुख भाग असतो, असे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले.

रचनात्मक वैशिष्ट्ये : दुधाचे दात एकूण वीस असतात. प्रत्येक जबड्यात चार पटाशीचे दात, दोन सुळे व चार दाढा असतात. साधारणतः सहाव्या महिन्यापासून ते उगवू लागतात व अडीच ते तीन वर्षांपर्यंत सर्व दात येतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायम दाढ उगवते. तिच्या जागी आधी कोणताही दात पडलेला नसल्यामुळे पुष्कळ पालक तिलाही दुधाचीच दाढ समजतात आणि ती किडली तरी स्वस्थ राहतात. 

दाताच्या बाहेरील अतिकठीण थरास दंतवल्क, त्याखालील थरास दंतिन आणि मध्यवर्ती पोकळीतील रक्तवाहिन्या व तंत्रिका असलेल्या मृदू गाभ्यास दंतमगज म्हणतात. दुधाच्या दातांचे दंतवल्क कायम दातांच्या मानाने सुमारे निम्म्या जाडीचे असते. उलट त्यांचा दंतमगज दाताच्या आकाराच्या मानाने मोठा असून त्याची टोके पृष्ठभागाच्या बरीच जवळ आलेली असतात. यामुळे वरून लहान दिसणारे छिद्रही अल्पावधीत मगजापर्यंत पोहोचते. दोन दाढांच्या स्पर्शस्थानी लागलेली कीड तर मगज बाधित होईपर्यंत बाहेरून दिसतही नाही. दुधाच्या दाढेच्या मगजकोठीच्या तळातून मुळांच्या दुभाजकाकडे सूक्ष्म नलिका जातात. त्यामुळे संसर्ग मुळाच्या टोकाऐवजी प्रथम दोन मुळांमधील हाडात उतरतो, आणि नेमका त्याच ठिकाणी कायम उपदाढेचा अंकुर असतो.

कारणे : किडीसाठी आम्लनिर्माते सूक्ष्मजंतू, त्यांना अन्न म्हणून उपयोगी पडणारी शर्करा, दाताचा पृष्ठभाग आणि पुरेसा काळ या चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. जंतू जन्मतः तोंडात नसतात. ते बहुधा आईच्या किंवा बाळाचा सांभाळ करणाऱ्या व्यक्तीच्या लाळेतून येतात. घास चावून भरविणे, एकाच चमच्याने खाणे यांमुळे हा प्रसार होतो. आईच्या किडलेल्या दातांवर वेळीच उपचार करणे हा बाळाच्या दातांच्या रक्षणाचाही उपाय ठरतो, तो यामुळेच.

शर्करेच्या एकूण प्रमाणापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात येते, याला अधिक महत्त्व आहे. प्रत्येक वेळी दातावरील लेपाची अम्लता वाढते आणि लाळेमुळे ती पूर्ववत होण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू शकतो. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपविणे, चोखणीला मध लावणे, दिवसभर चहा-बिस्किटे व गोळ्या देणे, रात्री गोड पातळ औषध पाजून तोंड न धुणे या सवयी विशेष घातक आहेत. झोपेत लाळ कमी स्रवते व गिळण्याची क्रिया मंदावते. त्यामुळे गोड द्रव वरच्या पटाशीच्या दातांभोवती साचून राहतो. खालचे पुढील दात जीभ व लाळ यांच्यामुळे बहुधा बचावतात. वरचे पुढील दात किडलेले व खालचे शाबूत हे चित्र या प्रकाराचे सूचक असते. सहा वर्षांखालील बालकाच्या एकाही दुधाच्या दातास कीड असल्यास त्यास ‘बाल्यपूर्वकालीन दंतक्षय’ म्हणतात.

संसर्गाचे दुसरे कारण म्हणजे आघात. चालावयास शिकताना पडल्याने पुढच्या दातास मार लागतो. दात तुटला नाही तरी त्याचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो. काही आठवड्यांनी असा दात करडा वा काळसर दिसू लागतो व पुढे त्याच्या मुळाशी पू धरण्याचा संभव असतो.

भारतीय दंतवैद्यक परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षे वयाच्या सुमारे ५२ टक्के मुलांच्या दातांत कीड आढळली होती.

अवस्था व लक्षणे : पहिल्या अवस्थेत हिरडीलगत दंतवल्कावर खडूसारखा पांढरा पट्टा दिसतो. या अवस्थेत झीज भरून येऊ शकते. यानंतर पिवळट-तपकिरी खड्डा पडतो. गोड वा थंड पदार्थ लागताच कळ येते व पदार्थ दूर करताच ती थांबते. मगजास शोथ आल्यावर वेदना आपोआप सुरू होते, बराच वेळ टिकते आणि रात्री झोपमोड करते. लहान मुलाला वेदनेची जागा सांगता येत नाही. ते एकाच बाजूने चावते, घास गालात धरून ठेवते, जेवण टाळते किंवा कान ओढते.

यापुढील अवस्था सर्वांत फसवी होय. संसर्गाने मगज मृत झाला की तंत्रिकाही नष्ट होतात आणि वेदना एकाएकी थांबते. घरच्यांना दुखणे बरे झाले असे वाटते. प्रत्यक्षात या वेळी सूक्ष्मजंतू दातातून हाडात उतरत असतात. काही दिवसांनी वा महिन्यांनी दाढेजवळच्या हिरडीवर पुटकुळीसारखा फोड येतो, तो फुटून पू वाहतो, बसतो व पुन्हा येतो. पूला वाट मिळाल्यामुळे दाब कमी राहून दुखत नाही. परंतु असा फोड म्हणजे हाडातील चालू संसर्गाचा पुरावा असतो. प्रतिकारशक्ती कमी झाली वा ही वाट बंद झाली, तर तीव्र विद्रधी होऊन गाल सुजतो आणि ताप येतो.

दुष्परिणाम : (१) कायम दातावरील परिणाम : उपदाढांच्या शिखरांचे खनिजीभवन साधारणतः दीड ते अडीच वर्षांच्या सुमारास सुरू होऊन पाच ते सात वर्षांपर्यंत चालते. या काळात वरील दुधाच्या दाढेतून संसर्ग पोहोचल्यास कायम दाताचे दंतवल्क खडबडीत, पिवळट वा तपकिरी व दोषयुक्त बनते. ब्रिटिश दंतवैद्य टर्नर यांच्या नावावरून अशा दातास ‘टर्नर दात’ म्हणतात.

(२) जागेचा ऱ्हास : संसर्गामुळे दुधाची दाढ अकाली गमावल्यास मागील कायम दाढ पुढे सरकते आणि येणाऱ्या दाताची जागा व्यापते. परिणामी दात वाकडे, एकावर एक वा आतल्या आत अडकलेले राहतात. सहाव्या वर्षापूर्वी दुधाची दुसरी दाढ गेल्यास ही हानी सर्वाधिक असते.

(३) संसर्गाचा फैलाव : वरच्या दातांतील संसर्गाने ओठ, गाल व डोळ्याखालील भाग सुजतो, क्वचित तो नेत्रगुहेपर्यंत किंवा मेंदूलगतच्या नीलाविवरापर्यंत पोहोचतो. खालच्या दाढांतील संसर्ग हनुवटीखाली व जिभेखाली पसरतो. जिभेखालच्या दोन्ही बाजूंना व्यापणाऱ्या अशा विकाराचे वर्णन जर्मन वैद्य व्हिल्हेल्म फोन लूटव्हिख यांनी १८३६ मध्ये केले. यात श्वासमार्ग दबून मृत्यू येण्याचा धोका असतो. अशी परिस्थिती विरळा असली, तरी तिचे मूळ बहुधा एखाद्या दुर्लक्षित दाढेतच असते.

(४) सार्वदेहिक परिणाम : दीर्घकाळच्या दुखण्याने आहार व झोप कमी होते, वजन वाढत नाही आणि शाळा बुडते. जन्मजात हृद्‌विकार असलेल्या बालकात दातातील जंतू रक्तात शिरून हृदयाच्या अंतःस्तरास शोथ आणू शकतात.

उपचार : मूळ सूत्र एकच आहे. संसर्गाचा उगम दातात असतो. तो काढल्याखेरीज रोग जात नाही. प्रतिजैविक औषधे रक्तावाटे पोहोचतात, पण मृत मगजाला रक्तपुरवठाच नसतो. त्यामुळे केवळ गोळ्यांनी सूज उतरली तरी जंतूंचे ठाणे कायम राहते आणि काही आठवड्यांत सूज परतते. ताप, पसरणारी सूज किंवा प्रतिकारशक्तीचा अभाव असल्यासच ही औषधे, तीही दातावरील उपचाराच्या जोडीने, आवश्यक असतात. हिरडीवर फोड आहे पण ताप वा गालाला सूज नाही, अशा मुलास त्यांची सामान्यतः गरज नसते.

मगज निरोगी असल्यास कीड काढून भरण करतात. मगजाच्या वरच्या भागापुरताच शोथ असल्यास तेवढाच भाग काढून उरलेल्या जिवंत मगजावर औषधी लेप देतात. संपूर्ण मगज मृत झाल्यास मूळनलिका स्वच्छ करून त्यांत झिंक ऑक्साइड-युजेनॉल किंवा आयडोफॉर्मयुक्त लेप भरतात. दूधदाताचे मूळ पुढे नैसर्गिक रीत्या झिजते. त्याबरोबर विरघळेल असाच पदार्थ येथे वापरावा लागतो; कायम दातासाठीचे साहित्य चालत नाही. अशा दाढेवर पोलादी टोपी बसवितात. अमेरिकेत १९५० पासून प्रचारात आलेल्या या टोप्या दाढ पडेपर्यंत टिकतात. हाडाची फार हानी झाली असेल, दात हलत असेल किंवा अंकुरास धोका असेल, तर दात काढणेच योग्य होय. त्यानंतर मोकळ्या जागी जागा राखणारी तारेची चौकट बसविणे इष्ट असते.

वीज व यंत्रसामग्री नसलेल्या ठिकाणी उपयोगी पडतील अशा पद्धतीही आता उपलब्ध आहेत. केवळ हातातील उपकरणांनी मऊ कीड खरवडून काचायनिक सिमेंट भरण्याची पद्धत १९८०–९० या दशकात टांझानियात विकसित झाली. अडतीस टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्ल्युओराइडचा थेंब किडीवर लावल्यास तिची वाढ बहुधा थांबते. मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे पालकांना आधी सांगावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे दोन्ही पदार्थ अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. ज्या दाताचा मगज बाधित झाला आहे, त्यास मात्र हे उपाय लागू पडत नाहीत.

घरगुती उपायांपैकी कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरणे निरुपद्रवी आहे. लवंगेचे तेल हिरडीवर लागल्यास तेथे भाजल्यासारखी जखम होते. ॲस्पिरिनची गोळी दातात धरणे घातक असून मुलांना ती पोटातही देऊ नये. वेदनाशमनासाठी पॅरासिटामॉल वजनाच्या प्रमाणात, वैद्यकीय सल्ल्याने देतात. सुजलेल्या गालावर शेक देणे, पोटिस बांधणे वा मिश्री चोळणे टाळावे. डोळा मिटण्याइतकी सूज, हनुवटीखाली कठीण सूज, तोंड न उघडणे, लाळ गळणे, गिळता न येणे, श्वासास त्रास किंवा तापासह ग्लानी यांपैकी कोणतेही लक्षण दिसताच मुलास त्याच दिवशी रुग्णालयात नेणे अत्यावश्यक आहे.

जालना जिल्ह्यातील परिस्थिती : जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा हे त्याचे आठ तालुके होत. या विकाराच्या दृष्टीने जिल्ह्यातील दोन बाबी ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

पहिली बाब पाण्याची. भूजलात ठिकठिकाणी लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्ल्युओराइड आढळणाऱ्या महाराष्ट्रातील जिल्ह्यांत केंद्रीय भूजल मंडळाने जालन्याचा समावेश केला आहे. लहानपणी असे पाणी सतत प्याल्यास कायम दातांवर पांढरे वा तपकिरी डाग येतात. हे डाग आणि टर्नर दात यांत गल्लत होण्याचा संभव असतो. फ्ल्युओराइडचे डाग एकाच काळात घडलेल्या अनेक दातांवर व दोन्ही बाजूंना सारखे असतात. टर्नर दात बहुधा एकटाच असतो आणि त्याच्या जागी पूर्वी किडलेली वा पू झालेली दुधाची दाढ असल्याचा इतिहास मिळतो. पहिल्याचा उपाय पाण्याचा स्रोत बदलण्यात, तर दुसऱ्याचा दुधाच्या दातावर वेळीच उपचार करण्यात आहे. 

दुसरी बाब स्थलांतराची. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील अनेक गावांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या परिसरात जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मोठी मुले काही वेळा गावच्या हंगामी वसतिगृहात राहतात, पण तान्ही व लहान मुले आईबरोबर फडावर व कोपीत असतात. दुधाच्या दातांना कीड लागण्याचे वय नेमके हेच. तोड पहाटे सुरू होत असल्याने मुलाचे दात घासण्याकडे लक्ष देण्यास सवड मिळत नाही. मूळनलिकांच्या उपचारास अनेकदा एकाहून अधिक फेऱ्या लागतात व प्रत्येक फेरीत दिवसाची मजुरी बुडते. दुखणे थांबले की फेऱ्याही थांबतात, आणि दुखणे तर वर सांगितल्याप्रमाणे मगज मेल्यावरही थांबते. अशा मुलांच्या बाबतीत उपचाराची निवड करताना एकाच भेटीत पूर्ण होणाऱ्या पद्धतीस प्राधान्य देणे व्यवहार्य ठरते. प्रसंगी दात काढून संसर्ग संपविणे हे अर्धवट सोडलेल्या उपचारापेक्षा हितकर असते. टोळी निघण्यापूर्वी, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस, गावातच मुलांचे दात तपासून घेणे विशेष उपयुक्त होय.

तपासणीची शासकीय व्यवस्था राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाद्वारे होते. या कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. त्याच्या फिरत्या पथकांनी अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावी, अशी योजना आहे. तपासावयाच्या विकारांत दंतविकारही आहेत. तथापि पथकाची भेट फडावर गेलेल्या मुलापर्यंत पोहोचत नाही. कीड आढळलेल्या मुलास पुढे पाठविण्यासाठी जालना येथील जिल्हा रुग्णालय आहे. विशेष उपचारांसाठी जालन्यापासून सुमारे ६० किमी. वरील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे १९८२ मध्ये स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय उपलब्ध आहे.

प्रतिबंध : पहिला दात उगवताच दंतरक्षणास आरंभ करावा. सुरुवातीस ओल्या स्वच्छ फडक्याने व पुढे मऊ ब्रशाने दात दिवसातून दोनदा, विशेषतः झोपण्यापूर्वी, घासावेत. तीन वर्षांखालील मुलांसाठी फ्ल्युओराइडयुक्त पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी व तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी घ्यावी. ती थुंकून टाकण्यास शिकवावे. भूजलात फ्ल्युओराइड अधिक असलेल्या गावांत पेस्टचे प्रमाण दंतवैद्याच्या सल्ल्याने ठरवावे. राखुंडी, विटकरीची भुकटी व मिश्री यांनी दंतवल्क घासले जाते. मिश्रीत तर तंबाखू असते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला स्वतः नीट दात घासता येत नाहीत, म्हणून मोठ्यांनी घासून द्यावेत. बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. वर्षानंतर पेल्याने दूध देण्याची सवय लावावी. गोड पदार्थ जेवणाबरोबर द्यावेत, मधल्या वेळी नव्हे. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंततपासणी करून घ्यावी.

महिन्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ उचलून उजेडात दात व हिरड्या पाहणे, ही बिनखर्चाची तपासणी कोणाही आईस, आजीस वा अंगणवाडी सेविकेस करता येते. हिरडीलगत पांढरा पट्टा दिसल्यास तो दात अद्याप पूर्ववत होण्याजोगा असतो. हिरडीवर फोड दिसल्यास, मूल दुखत असल्याचे सांगत नसले तरी, उपचार लांबणीवर टाकू नये.